भिंतीला दुसरं दार

सरांच्या केसपेपरवर पहिली ओळ आजाराची नसायची, खाण्याची असायची. 'ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी.' 'नान-खलिया.' 'काही नको म्हणतो, पण आंब्याचं नाव काढल्यावर हसला.' त्याखाली मग वय, वजन, तक्रार, दुर्बिणीत काय दिसलं, स्कॅनमध्ये काय दिसलं. रेकॉर्ड विभागातून एकदा असा एक पेपर परत आला. पहिल्या ओळीभोवती लाल गोल केलेला आणि बाजूला प्रश्नचिन्ह. सरांनी त्या प्रश्नचिन्हाखाली लिहिलं, 'रुग्ण याचसाठी आला आहे,' आणि पेपर तसाच परत पाठवला. नंतर कुणी विचारलं नाही.

मी संभाजीनगरच्या त्या हॉस्पिटलात सर्जरी वॉर्डची नर्स होते. नऊ वर्षं सरांबरोबर काढली. या नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. माझं माहेर वैजापूरचं, म्हणून मी वैजापूर. थिएटरमधली सिस्टर कन्नड, भूल देणारे डॉक्टर पैठण. रुग्णांची नावं मात्र त्यांना पहिल्या भेटीपासून पाठ असायची, वडलांच्या नावासकट आणि गावासकट. स्वतः ते खुलताबादचे. तिथल्या उतारावरच्या दुकानांत मोठे झालेले, त्यामुळं दर्ग्याच्या बाजूची म्हातारी माणसं आली की अस्सल दखनीत सुरू व्हायचे, आणि खेड्यातलं कुणी आलं की 'लई दुखतंय का?' आमच्याशी मात्र तुटक, पुस्तकी मराठी. एकदा त्यांची बायको काही निरोप द्यायला वॉर्डात आली होती. सर एका म्हातारीच्या खाटेशी बसून अर्धा तास बोलत होते. ती दारातून बघत राहिली आणि मला म्हणाली, "घरी एक शब्द बोलत नाहीत हो. इथं काय बोलत असतात?"

ते बसून बोलायचे. घडीचं एक बुटकं लाकडी स्टूल त्यांनी घरून आणलं होतं आणि राउंडला ते स्वतःच उचलून फिरायचे. "उभा डॉक्टर घाईत दिसतो. घाईतल्या माणसाला कुणी खरं विचारत नाही." स्टूल इतकं बुटकं की बसल्यावर सरांचं डोकं खाटेवरच्या माणसाच्या खाली यायचं. नवे रेसिडेंट हसू दाबायचे.

जठराचा कॅन्सर हा त्यांचा विषय, आणि त्यातही उशिरा आलेला. आमच्याकडं येणारे बहुतेक उशिराच येतात. आधी सहा महिने पित्ताच्या गोळ्या, मग कुणी सांगितलेला काढा, आणि वजन निम्मं झालं की आम्ही. तोवर आजार लिव्हरला किंवा पोटाच्या अस्तराला पोचलेला असतो. मुळासकट काढता येत नाही. पण माणूस जिवंत असतो, भुकेला असतो, आणि खाल्लेलं खाली उतरत नसतं. काल खाल्लेला भात आज उलटून पडतो. अशा माणसाचं काय करायचं, यात फार सर्जनांना रस नसतो. सरांना होता. थिएटरमध्ये चीर देण्याआधी ते रुग्णाचं नाव आणि गाव मोठ्यानं सांगायचे, आणि मग म्हणायचे, "आज आपण आजार काढायला आलेलो नाही. वाट काढायला आलो आहोत. विसरू नका." हे ते आम्हाला सांगायचे की स्वतःला, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

एका वाक्याचा त्यांना भयंकर राग होता. राउंडला एक हुशार रेसिडेंट एका रुग्णापाशी हळूच म्हणाला, "सर, यांचं आता काही करता येणार नाही."

सर म्हणाले, "तोंड धुता येतं का त्यांचं?"

"हो सर."

"मग धू."

राउंड तिथंच थांबला. त्या मुलानं माझ्याकडून कोमट पाणी आणि कापूस घेतला, रुग्णाची कोरडी जीभ पुसली, ओठांना तूप लावलं. सगळे उभे राहून बघत होते. तो अपमान होता, यात शंका नाही. सर असे वागायचे आणि नंतर कधी माफी मागायचे नाहीत. पण तो रुग्ण त्या दिवशी दुपारी शांत झोपला, हेही मी पाहिलं.

गेनूबांची गोष्ट सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

"वैजापूर, तुझ्या तालुक्याचा माणूस आलाय," असं म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. गेनूबा धनगर, सत्तरीचे, मेंढरांमागं आयुष्य गेलेलं. उंच हाड, त्यावर आता नुसतं कातडं. बरोबर दोन मुलं. मुलांनी सरांना बाहेर गाठून सांगितलं होतं, "सायेब, म्हाताऱ्याला काय बी सांगू नका. पित्त झालंय म्हणा." सर त्यांना हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. स्टूल घेऊन आत गेले. मुलं मागोमाग.

"गेनूबा, मेंढरू पोट फुगून तटतं, तेव्हा काय करता?"

म्हाताऱ्याला बोलायला विषय मिळाला. "कुशीत टोचतो की. वारं जातं. मेंढरू उठतं."

"आजार बरा होतो त्यानं?"

"आजार नाय. तटलेलं सुटतं. पुढचं त्याचं त्याला."

"तुमच्या पोटात खाली जे दार आहे ना, ज्यातून भाकरी पुढं जाते, ते बंद झालंय. म्हणून सगळं उलटतंय."

"उघडा मग."

"ते उघडत नाय आता. त्याला गाठ धरलीय. मी काय करू शकतो, तर भिंतीला दुसरं दार पाडू शकतो. जठराला खालचं आतडं आणून जोडायचं. खाल्लेलं तिकडून उतरेल."

"आन् गाठ?"

धाकट्या मुलानं सरांच्या खांद्याला हात लावला. सरांनी तो हात तसाच राहू दिला, पण मागं वळले नाहीत.

"गाठ तिथंच राहील," ते म्हणाले. "वाढेल. लिव्हरला पण गेलीय."

गेनूबांनी सरांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी यातून मी उठत नाय."

"आजारातून नाय. खाटंवरून उठाल."

मोठा मुलगा बाहेर गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. धाकटा सरांना अद्वातद्वा बोलायला लागला. तुम्ही माणूस हाय का कोण, असं काहीबाही. गेनूबांनीच त्याला गप्प केलं. "मला ठावं व्हतं रं. तुमीच दोगं गप बसलेले, म्हून मी बी गप व्हतो." मग सरांना त्यांनी एकच गोष्ट विचारली. दिवाळीनंतर मेंढरांची कातरणी असते, तोवर टिकेन का? सर म्हणाले, "शब्द देत नाही. पण तेवढ्यासाठी ऑपरेशन करण्यासारखं आहे, असं मला वाटतं."

ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी पेज, आठव्या दिवशी मऊ भात, आणि बाराव्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी. भाकरीच्या दिवशी धाकटा मुलगा खाटेशी बसून बापाचं तोंड हलताना बघत होता. उलटी झाली नाही. पुढं औषधं चालू राहिली, कातरणी झाली, आणि होळीच्या आसपास गेनूबा गेले. सांगायला धाकटाच आला. शेवटचे आठ-दहा दिवस सोडले तर रोज दोन वेळा जेवत होते, म्हणाला. सांगून झालं तरी तो सरांपुढून हलेना. सरांनी त्याला मेंढरं किती झाली ते विचारलं.

असं नेहमी व्हायचं नाही. एका शाळेतल्या बाई होत्या, गुलमंडीच्या मागं राहणाऱ्या, चव्वेचाळीस वर्षांच्या. स्कॅनमध्ये आजार मर्यादित वाटला होता. पोट उघडल्यावर अस्तरावर सगळीकडं साबुदाण्यासारखे ठिपके. आतडी एकमेकांना धरलेली. मी त्या दिवशी थिएटरमध्ये होते. सर दोन मिनिटं हात तसेच धरून उभे राहिले. पोट तसंच बंद करायचं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पण नवरा आणि मुलगी बाहेर बसलेले. सरांनी जठराला आतड्याचा जोड केला. अडीच तास लागले. जोड उत्तम झाला होता, पण पुढं आतडीच चालत नव्हती. बाई एकोणीस दिवसांनी वॉर्डातल्या खाटेवरच वारल्या. या ऑपरेशनबद्दल सर स्वतःहून विद्यार्थ्यांना सांगायचे, दर नव्या बॅचला. "ते मी त्या बाईंसाठी केलं नाही. माझ्या हातांना रिकामं परतवेना, म्हणून केलं."

हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या घरावर आलं, तेव्हा मी सगळं विसरले.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, वैजापूर डेपोला. आई गेल्यापासून माझ्याकडंच राहायचे. दर पौर्णिमेला विहारात जाणारे, शर्टाला इस्त्री केल्याशिवाय बाहेर न पडणारे, कमी बोलणारे. मी कॅन्सरच्या रुग्णांमध्ये दिवस काढायचे, आणि माझ्या घरात माणूस अर्धी पोळी ताटात टाकून उठतो, हे मला चार महिने दिसलं नाही. शर्ट सैल झाला, तेव्हा मीच त्यांना हसून म्हटलं होतं, अण्णा, तब्येत बारीक झाली, छान दिसता.

दुर्बिणीत जठराचं खालचं तोंड बंद दिसलं. स्कॅनमध्ये पोटात पाणी, आणि अस्तरावर ठिपके. फिल्म बघताना मला शाळेच्या बाई आठवायला हव्या होत्या. मला गेनूबा आठवले. मी सरांना म्हटलं, "सर, दुसरं दार पाडू ना, बायपास? कधी घेता?"

सर म्हणाले, "मी त्यांच्याशी बोलतो. तू बाहेर थांब."

"सर, मी या वॉर्डची सिस्टर आहे."

"आज मुलगी आहेस. बाहेर थांब, वैजापूर."

पडद्याबाहेर मी चाळीस मिनिटं उभी होते. आतलं काही ऐकू येत नव्हतं. सुरुवातीला तेवढं अण्णांचं "जय भीम, डॉक्टरसाहेब" आणि सरांचं "जय भीम". मध्ये एकदा दोघं हसले. मग पडदा सरकला आणि अण्णा मला म्हणाले, "दुर्बिणीतून जाळीची नळी बसवायची. ऑपरेशन नाय. ठरलंय आमचं."

जाळीच्या नळीचं मला काय कौतुक असणार? दुर्बिणीतून बसवतात, बंद तोंडात ती उघडते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पातळ खाता येतं. पण काही आठवड्यांत ती पुन्हा बंद पडू शकते. बायपास जास्त टिकतो. मी हिशेबानं विचार करत होते, आणि माझ्या हिशेबात सोसणारं शरीर अण्णांचं होतं, हे मात्र नव्हतं.

मी रिपोर्ट घेऊन दुसऱ्या एका हॉस्पिटलात गेले. तिथले सर्जन तरुण होते, आत्मविश्वासानं बोलणारे. "उघडून बघू. निघालं तर सगळंच काढू," म्हणाले. भरती व्हायचा दिवसही ठरवला. परत येऊन मी सरांच्या खोलीत शिरले आणि जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुम्ही माझ्या वडलांच्या बाबतीत हात झटकले. एका मेंढपाळासाठी दार पाडलंत, माझ्या बापासाठी नाही." आज हे लिहितानाही लाज वाटते. गेनूबांसारख्या माणसाबद्दल काय बोलले मी.

सर चिडले नाहीत. म्हणाले, "त्या शाळेच्या बाईंच्या ऑपरेशनला तू होतीस ना?"

"होते."

"नंतर त्या किती दिवस राहिल्या?"

"एकोणीस."

"त्यातले किती दिवस जेवल्या?"

मी हातातले रिपोर्ट टेबलावर ठेवले.

"ते एकोणीस दिवस मी खाल्ले त्यांचे," सर म्हणाले. "घरी जाऊ शकल्या असत्या. गेनूबांच्या पोटात पाणी नव्हतं, अस्तर स्वच्छ होतं. तुझ्या वडलांचं तसं नाही. तुला दुसरीकडं न्यायचं असेल तर मी पत्र देतो, सगळे कागद देतो. पण मी चीर देणार नाही."

मला पटलं नाही. पटून मी माघार घेतली, असं सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. अण्णांनी दुसऱ्या हॉस्पिटलात यायला चक्क नकार दिला, आणि इस्त्रीचा शर्ट घालून सरांच्या वॉर्डात जाऊन बसले. तिथं विषय संपला.

नळी बसली. दोन दिवसांनी अण्णांनी चहा घेतला, अर्धा कप, आणि तो आत राहिला. मग पेज, मग खिमट, मग वरणात कालवलेला मऊ भात. पोटातलं पाणी सर अधूनमधून काढून द्यायचे. साधारण तिसऱ्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "मला एकदा वैजापूरला ने. एसटीनंच."

आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. त्यानं अण्णांना केबिनमध्ये शेजारी बसवलं, मी मागच्या पहिल्या सीटवर. अण्णा सगळा रस्ता काचेतून पुढं बघत होते. खड्डा आला की त्यांचा उजवा पाय नकळत दाबला जायचा. वैजापूरच्या स्टँडवर उतरल्यावर जुने दोघंतिघं भेटले. थोडं बोलून अण्णा बाकावर टेकले आणि मला म्हणाले, "तू डॉक्टरांवर लई चिडली व्हय?"

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढं केली.

"त्यांनी मला इचारलं, किती दिवस खाटंवर काढायची तयारी हाय? म्या म्हटलं, एक बी नाय. मग ते म्हणले, पोरगी ऑपरेशन करा म्हणती, तिला राग येईल. म्या म्हटलं, येऊ द्या. पण तुमच्यावर निघू द्या तिचा राग, माझ्यावर नको. माझ्याकडं दिवस कमी हायेत. ते हसले. म्हणले, चालंल."

स्टँडवर कंडक्टर नगर, नगर म्हणून ओरडत होता. मी अण्णांचा हात हातात घेतला. माझ्या शिव्या सरांनी अण्णांच्या सांगण्यावरून ऐकून घेतल्या होत्या, आणि मला तसं जराही कळू दिलं नव्हतं.

आठव्या आठवड्यात नळी बंद पडली. पुन्हा उलट्या सुरू झाल्या. दुसरी नळी घालण्याइतकी ताकद अण्णांमध्ये उरली नव्हती आणि आतडीही आता धरली होती. हॉस्पिटलात यायला ते तयार नव्हते. सर घरी आले. तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, लिफ्ट नाही. धापा टाकत आले, अण्णांच्या नाकातून बारीक नळी घातली, पोट रिकामं केलं, तशी उलटी थांबली. दुखण्याचं औषध कसं द्यायचं ते मला पहिल्यापासून शिकवलं, जणू मी नर्स नव्हतेच. मला तेव्हा तसंच शिकवायला हवं होतं. पहिला डोस मी तीनदा मोजला. नंतर ते आणखी तीनदा आले. प्रत्येक वेळी अण्णांशी गाड्यांबद्दल बोलले. कोणत्या डेपोचे ब्रेक चांगले असायचे, कन्नडच्या घाटात कोणता गिअर टाकायचा. सरांना गाडी चालवता येत नव्हती, हे मला नंतर कळलं.

अण्णा एका सकाळी साडेआठला गेले, घरी, माझा हात हातात असताना. त्यांना उलटी होत नव्हती आणि दुखतही नव्हतं. नळी बसल्यापासून बासष्ट दिवस झाले होते.

अण्णांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. येणारा प्रत्येक जण एकच म्हणत होता, ताई, तुम्ही सगळं केलंत. योग्यच झालं. सुटले बिचारे. मी मान हलवायचे. मला रडू येत नव्हतं. आत काहीतरी घट्ट बसलं होतं आणि ते हलत नव्हतं. त्या अवस्थेतच मी ड्यूटीवर हजर झाले.

पहिल्याच दिवशी, ओपीडी सुरू होण्याआधी, मी सरांच्या खोलीत गेले. माफी मागायची म्हणून गेले होते, पण तोंडातून वेगळंच आलं.

"सर, ऑपरेशन केलं असतं तर?"

ते फायली बघत होते. त्यांनी फाईल मिटली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, छे छे, काही उपयोग नव्हता. मला तेच ऐकायचं होतं. ऐकून घरी जायचं होतं.

"माहीत नाही," सर म्हणाले.

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"कदाचित महिनाभर जास्त मिळाला असता. कदाचित टेबलावरून उठलेच नसते. मला जे वाटलं ते मी त्यांना सांगितलं, त्यांनी ठरवलं. ते बरोबर होतं का, हे मला कधी कळणार नाही. तुलाही नाही कळणार."

"मग आपण काय करायचं, सर?"

"तेही माहीत नाही मला."

इतक्या दिवसांत इतक्या माणसांनी मला खात्री दिली होती, आणि त्यातलं एकही वाक्य मला टेकायला पुरलं नव्हतं. या माणसानं खात्री दिली नाही. आत घट्ट बसलेलं ते एकदम सुटलं. मी सरांच्या टेबलावर डोकं ठेवलं आणि अण्णांसाठी पहिल्यांदा रडले, आवाज करून, लहान पोरीसारखी. बाहेर बाकांवर लोक जमत होते. शिपायानं दोनदा दार किलकिलं करून बघितलं. सर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही. पण ते उठलेही नाहीत. माझं रडणं संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.